बिळातलं धान

उंदीर मारायला शिकवायची नोकरी सरकारनं मला दिली तेव्हा बाबांनी अख्ख्या वस्तीला चहा पाजला. ऑर्डरवर ‘कृषी सहायक’ असं लिहिलेलं होतं आणि कामं पन्नास होती, पण पहिल्याच वर्षी माझ्या वाट्याला उंदीर आले आणि चिकटले ते चिकटलेच. दुसऱ्या कोणाचे वडील यावर हसले असते. बाबा हसले नाहीत. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांतली उंदरांची बिळं खांदत आली होती. धान कापून झालं की उंदरानं जमिनीखाली साठवलेलं धान उकरून आणायचं आणि त्यावर चार लेकरं जगवायची, हे तिचं आयुष्य. बाबा शिकले, मास्तर झाले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात बिळाचं नाव निघेनासं झालं. आजी गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. बिळं खांदायची तिची सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, बाबांनी भंगारवाल्याला देऊन टाकली.

तर मी उंदरांची मॅडम झाले. वैनगंगेच्या काठची अकरा गावं माझ्याकडे होती. लुनाला चार्टांची गुंडाळी बांधून मी फिरायचे आणि गावकऱ्यांना ओळख शिकवायचे. त्यांच्या लेखी उंदीर म्हणजे उंदीर. मी म्हणायचे, असं नाही बापा. वाशांवरून पळतो तो लांब शेपटीचा वेगळा आणि न्हाणीखाली पोखरते ती घूस वेगळी. भिंतीच्या कडेकडेनं चूं चूं करत जाते ती चिचुंदरी तर उंदीरच नाही, ती किडे खाते, तिच्यामागे झाडू घेऊन धावू नका. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, मातीत बोटभर भोक पाडतो तो इवलासा शेतउंदीर, त्यानं मूठभर खाल्लं तर खाऊ द्या. आपलं भांडण एकाशीच. आखूड शेपटीचा काळा उंदीर, जो बिळाबाहेर मातीचा ढीग घालतो, धानाच्या लोंब्या दातानं कापून नेतो आणि खाली कोठी भरतो. एकेका बिळात पायलीभर धान असतं. हे सगळं मी पुस्तकात वाचलं असं सांगायचे. पुस्तकात ते होतंही.

सावरटोल्याचे उंदीर मात्र मला दाद देईनात. २००१ सालचा ऑक्टोबर होता, धान निसवलं होतं. ऑफिसातून आलेलं औषध मी गव्हाच्या भरड्यात कालवलं, पाकिटातली निळ्या रंगाची पुडी त्यात मिसळली आणि बिळाबिळात ठेवून आले. तिसऱ्या दिवशी जाऊन पाहते तर निळा भरडा जसाच्या तसा, वर लेंड्या. हा मी माझा अपमान समजले. मी चिडले की मला अक्कल सुचते, असं मला तेव्हा वाटायचं.

इथल्या उंदराच्या सात पिढ्यांनी गहू पाहिला नाही, तो गहू कशाला खाईल? मी धान घेतलं, रात्रभर औषधात भिजवलं, वाळवून वरून तेल चोळलं. निळा रंग घातला नाही. गावातले म्हणाले, रंगाला उंदीर बिचकतो, आणि मी मान डोलावली. खरं तर तो रंग उंदरासाठी नसतोच. माणसानं चुकून खाऊ नये म्हणून तो असतो. पाकिटावर तसं छापलेलं होतं आणि मी ते वाचलेलं होतं.

औषध हळू चढणारं होतं. उंदीर चार-पाच दिवस खात राहतो, नेत राहतो, आणि मग अंगातलं रक्त गोठेनासं होऊन मरतो. नोव्हेंबरात मी याच धानाची दुसरी फेरी केली. सावरटोल्याची बिळं ओस पडली. साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही इथल्याच असल्याचा हा फायदा.” मी आठ दिवस जमिनीवर नव्हते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी मोजणीला गेले. मोजणी सोपी असते. संध्याकाळी सगळ्या बिळांची तोंडं मातीनं बुजवायची आणि दुसऱ्या दिवशी किती उघडली ते पाहायचं. धान कापून झालं होतं, भारे उचलून त्यांचे उंच पुंजणे रचले होते, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, नुसते खुंट उभे होते. गहाणे पाटलांच्या बांधीत ठमाबाई धुऱ्यावर बसून सब्बलीनं माती काढत होती. सत्तरीची, वाळलेली, पण हात असा चालत होता की तरण्यानं बघत राहावं. तिच्या टोपल्यात धान होतं.

“यंदा मजा आहे वो मॅडम,” ती म्हणाली. “दार उघडं अन् घर भरलेलं.”

“म्हणजे?”

“अवो, काळा उंदीर घरात असला का आतून माती लावून दार बंद करते. दार बंद तं मालक घरात. आमी दार पाहूनच खांदतो. यंदा पाह्य ना, सारे दारं सताड. बारा बिळं खांदली, एक उंदीर पळाला नाई. अन् कोठ्या मात्र भरून!” तिनं टोपल्यातलं एक मूठ धान उचलून बिळाच्या तोंडाशी परत टाकलं. “त्याचा वाटा,” ती म्हणाली. “सारं नेलं तं पुढच्या साली तो आपल्यासाठी कायले जमवन?”

मी खाली बसले. माझी आजी हेच करायची. मूठ टाकायची आणि हात झटकायची. पंचवीस वर्षांत मला ते एकदाही आठवलं नव्हतं. मी टोपल्यात हात घातला. लोंब्या होत्या, दातानं तिरप्या कापलेल्या. आणि लोंब्यांच्या मधे सुटे दाणे होते, भरपूर.

“हे सुटे दाणे कुठले, ठमाबाई?”

“मले बी तेच वाटलं. उंदीर तं लोंबी आणते. म्या म्हटलं, यंदा मळणी कराले शिकला काय!” ती खळखळून हसली.

मी दाणे नाकाशी नेले. शिळ्या तेलाचा वास आला. माझ्या हातानं चोळलेलं तेल होतं ते.

ठमाबाईला मी काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही. तिनं टोपलं उलटं केलं एवढं आठवतं. तिनं अजून एक दाणाही कुटला नव्हता, सगळं गाडग्यात भरून ठेवलं होतं. “खाल्लं कोणी?” मी विचारलं. ती बोटं मोजू लागली. टोल्यावरची अकरा घरं बिळं खांदत होती. त्यांतल्या सात घरांना आठ दिवसांपासून कुलूप होतं, माणसं दूरच्या गावी मळणीला गेली होती आणि उद्या दुपारी परतणार होती. त्यांचं धान घरातच पडून होतं. उरलेल्यांपैकी दोघींनी ठमाबाईसारखंच राखून ठेवलं होतं.

“सत्यशीला तं रोजच रांधते ना,” ती म्हणाली. “तिची पोट्टी आली बाळंतपणाले. नववा भरला. बिळातलं धान पोटुशीले चांगलं असते. उंदीर भरलेलाच दाणा उचलते, पोचट उचलत नाई. अन् उंदराची मादी कशी सुटते, पाह्य ना, दर दोन महिन्याले दहा-दहा लेकरं, वारा लागल्यावानी. म्हणून पहिलटकरणीले त्याचीच पेज देतात.”

मी लुनाकडे धावले. बाळंतपण, आणि रक्त गोठू न देणारं औषध. याच्यापुढे मला विचारच करता येत नव्हता.

सत्यशीलाला मी ओळखत होते. टोल्यावरची बौद्ध वस्ती, त्यात तिचं शेवटचं घर. नवरा नाही, जमीन नाही, आवाज मात्र गावाला पुरेल एवढा. गेल्या साली गहाणे पाटलांनी आपल्या बांध्यांत बिळं खांदायला बंदी घातली, धुरे फुटतात म्हणून. तेव्हा ही वीस बायका घेऊन तीन दिवस त्यांच्या धुऱ्यावर बसली होती. बिळातलं धान ज्यानं खांदलं त्याचं, शेतमालकाचा त्यावर हक्क नाही, हा आजे-पणज्यांपासूनचा रिवाज. शेवटी पाटलांनीच माघार घेतली.

मी पोचले तेव्हा तिची लेक आम्रपाली अंगणात उन्हाला बसून पेज पीत होती. मी लुना आडवी टाकली आणि तिच्या हातातली वाटी हिसकून घेतली.

पोटुशी बाईच्या हातातलं अन्न हिसकायचं. असं कोणी शत्रूच्याही लेकीशी करत नाही. आम्रपाली घाबरून भिंतीला टेकली. आतून सत्यशीला बाहेर आली, हातात मुसळ होतं.

“काऊन हिसकली वाटी? माह्या पोट्टीच्या तोंडातला घास काढाले आल्या का वो तुमी?”

“यात विष आहे, सत्यशीलाबाई. उंदराचं औषध आहे. बिळातलं धान खाऊ नका.”

तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, मुसळ खाल्लं असतं तर बरं झालं असतं. “अस्सं,” ती म्हणाली. “गेल्या साली बंदी जमली नाई, म्हणून यंदा विषाची कहाणी. गहाण्यानं पाठवलं का तुमाले?”

“कोणी पाठवलं नाही. औषध मीच टाकलंय.”

“औषध दरसाली टाकतात. काळं असते, लसणावानी वास मारते. आमी काय आंधळ्या आहो? अन् तुमी टाकलं तं निळं टाकलं होतं. या धानात निळं काय आहे, दाखवा.”

“दुसऱ्यांदा धानातच भिजवून टाकलं. रंग घातला नाही.”

“काऊन नाई घातला?”

मी वाटीतली पेज अंगणात ओतून दिली. तिनं मुसळ भिंतीला लावलं आणि कमरेवर हात ठेवले. “अन् उंदीर बिळात धान साठवते, बायका ते खांदून नेतात, हे तुमाले कसं मालूम? हे काय तुमच्या पुस्तकात आहे?”

“माझी आजी खांदायची,” मी म्हटलं. मला वाटलं, आता तरी ती मला आपली समजेल. किती मूर्ख असावं माणसानं!

“मंग तं तुले मालूम होतं,” सत्यशीला म्हणाली. अहो-जाहो गेलं. “मालूम असून टाकलं.”

त्या अंगणात मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलंय. नागपूर-पुण्याहून आलेल्या माणसानं हे केलं असतं तर त्याला माफी होती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मला सांगायची गरज नव्हती, माझं अंग त्याच धानावर पोसलेल्या बापाचं होतं. आणि इथलीच आहे म्हणूनच तर मी गहू टाकून धान घेतलं होतं. उंदराला काय आवडतं ते मला नीट आठवलं. उंदराच्या मागून कोण येतं ते विसरून गेले.

“हो,” मी म्हटलं. “माहीत होतं. विसरले. तू मला मार, पण हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने.”

“खोटं बोलणारा बी असाच घाई करते,” ती म्हणाली. “बंद गाडीत घालून नेशील, अन् इकडे मांगून घरातलं धान उचलून नेतील. मले पक्कं पाह्यजे. विहारात चाल. साऱ्यायच्या समोर बोल, गहाण्याच्या बी समोर बोल, अन् सरकारी कागदावर लिहून दे. स्वतःचं नुकसान करून खोटं कोणी बोलत नाई.”

रागाच्या भरात बोललेलं ते वाक्य, पण मला त्यात एकही भोक सापडलं नाही. मी लुनाच्या डिकीतून भेट-नोंदवही काढली. ही वही दर महिन्याला साहेबांपुढे जाते. त्यात लिहिलेलं खोडता येत नाही आणि पान फाडलं तर आकडा चुकतो.

विहार म्हणजे टिनाची एक खोली आणि पुढं ओटा. दहा मिनिटांत माणसं जमली. गहाणे पाटील खळ्यावरून तसेच आले, डोक्यावर भुसा घेऊन. मी उभी राहिले. लोकांसमोर बोलायची मला सवय होती, चार वर्षं तेच करत होते, पण त्या दिवशी माझ्याजवळ चार्ट नव्हता. मी म्हटलं, बिळातल्या धानात मी विष टाकलं, ते ओळखू यावं म्हणून रंग असतो तो मी घातला नाही, आणि बायका हे धान खातात हे मला लहानपणापासून माहीत होतं.

“मी तं कवाचा सांगून राह्यलो,” पाटील लगेच म्हणाले, “हे बिळं खांदणं बंद करा म्हणून. मॅडमच्या तोंडून आता—”

“माझ्या तोंडून काही वदवू नका,” मी म्हटलं. “खांदणाऱ्यांची काही चूक नाही. तुमच्या बांधीत विष टाकलं ते मी, आणि कोणाला न विचारता टाकलं तेही मीच. उद्या कोणी या वहीचा आधार घेऊन बिळं बंद करायला निघालं तर मी पुन्हा इथं येऊन हेच बोलेन.”

पाटील डोक्यावरचा भुसा झटकू लागले. मी ओट्यावर बसून लिहिलं, तारीख घातली, खाली पूर्ण नाव: संघप्रिया खोब्रागडे. लिहिताना शिक्षा म्हणून सिरोंच्याला बदली झाली तर तेलुगू शिकावं लागेल, असला काहीतरी फालतू विचार डोक्यात आला. भीती वाटली की माझं डोकं असंच आडवाटेला जातं. वही सत्यशीलाला दिली. तिनं ती लेकीकडे दिली, कारण आम्रपाली बारावी शिकलेली होती.

आम्रपालीनं मोठ्यानं वाचलं. सगळं वाचलं, माझ्या सहीपर्यंत. मग वही मिटून तिनं मला विचारलं, अगदी हळू, “मॅडम, हिरड्यांतून रक्त येणं याच्यानंच होते का?”

“कधीपासून?”

“पाच-सहा दिवस झाले. रोज सकाळी. पोटुशीले येते म्हणतात, म्हणून मी मायजवळ बोलली नाई.” तिनं बाही वर केली. बांगड्या घासल्या होत्या तिथं मनगटाच्या वर काळानिळा डाग होता, तळहाताएवढा.

सत्यशीलानं तो डाग पाहिला. लेकीचा दंड धरला आणि चालायला लागली.

नाक्यावर शहबाजची जीप सवारीची वाट पाहत उभी होती. आत सहा माणसं बसलेली होती आणि चौदा बसल्याशिवाय शहबाज सख्ख्या बापासाठीही गाडी हलवत नाही, अशी त्याची ख्याती. त्यानं आम्रपालीकडे पाहिलं, सहाही माणसांना खाली उतरवलं. “बैठो, बाई. सवारी फिर भर लेंगे.” पूल ओलांडून ब्रह्मपुरी गाठेपर्यंत त्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही. सत्यशीला माझ्या समोर बसली होती. तिच्या मांडीवर एक गाठोडं होतं. त्यात उरलेलं धान होतं, डॉक्टरला दाखवायला.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. मी औषधाचं पाकीट पुढं केलं, धान पुढं केलं, सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी पाकीट दोनदा वाचलं. “एका वेळच्या जेवणानं फारसं काही होत नाही,” त्या म्हणाल्या. “पण हे अंगात साठत जातं. रोज खाल्लंय म्हणता, किती दिवस?”

“पंधरा,” सत्यशीला म्हणाली. “सकाळ-संध्याकाळ. म्या जबरदस्तीनं पाजली तिले. म्या सोता राशनचा तांदूळ खाल्ला, बिळातलं सारं तिलेच.”

मग त्यांनी नर्सला हाक मारली. इंदुताई नावाची जाडजूड, हळू चालणारी बाई. तिनं आम्रपालीच्या दंडातून थोडं रक्त काढलं, काचेच्या कोरड्या नळीत घातलं आणि नळी टेबलावरच्या स्टँडमध्ये उभी केली. “घोणस चावलेली केस आली का आमी हेच करतो,” ती म्हणाली. “वीस मिनिटं हात लावाचा नाई. मंग नळी तिरपी कराची. रक्त जमलं तं बरं. वाहलं तं नाई.”

वीस मिनिटं आम्ही दोघी त्या नळीकडे पाहत उभ्या होतो. भिंतीवर घड्याळ होतं, पण सत्यशीलाला ते वाचता येत नव्हतं, ती दर थोड्या वेळानं मला विचारायची, “झाले?” आणि मी सांगायचे, अजून बारा, अजून नऊ. एवढंच आमचं बोलणं झालं. मग इंदुताईनं नळी उचलली आणि तिरपी केली. रक्त काचेवरून पाण्यासारखं घसरलं.

डॉक्टरबाईंनी लगेच सुई सुरू केली. याला उतारा आहे, व्हिटॅमिनचं इंजेक्शन, त्या सांगत होत्या, पण लागू पडायला वेळ लागतो. आणि जमलं तरी पुढं महिनाभर गोळ्या. “कळा उद्यापर्यंत थांबल्या तर फार बरं होईल,” त्या म्हणाल्या. “आत्ता बाळंत झाली तर रक्त थांबवणं माझ्या हातात राहणार नाही. ज्यांनी ज्यांनी खाल्लंय त्या सगळ्यांना इथं घेऊन या.”

ती रात्र आम्ही व्हरांड्यात काढली, शहबाजनं बाहेर जीपमध्ये. दर चार तासांनी इंजेक्शन होत होतं. पहाटे आम्रपालीला कळा सुरू झाल्या.

साडेसहाला इंदुताईनं दुसऱ्यांदा रक्त काढलं. आत आम्रपाली ओरडत होती, डॉक्टरबाई हातमोजे घालून तयार होत्या, आणि आम्ही पुन्हा त्या टेबलापाशी. या वेळी सत्यशीलानं वेळ विचारली नाही. तिनं टेबलाची कड धरली होती. मी मनात म्हणत होते, माझी नोकरी जाऊ दे, माझं काहीही होऊ दे, एवढी नळी जमू दे. मी कधी कोणाकडे काही मागत नाही. त्या दिवशी काचेच्या नळीकडे मागितलं.

वीस मिनिटं झाली. इंदुताई नळी उचलणार, तेवढ्यात सत्यशीला म्हणाली, “मी करतो.” आमच्या झाडीपट्टीतल्या बायका ‘मी करतो’ असंच म्हणतात. इंदुताईनं डॉक्टरबाईंकडे पाहिलं आणि बाजूला सरकली.

सत्यशीलानं नळी दोन बोटांत धरली आणि अगदी सावकाश तिरपी केली. रक्त हललं नाही. तिनं आणखी तिरपी केली. मग पूर्ण उलटी केली. रक्ताचा लाल गोळा नळीच्या तळाशी जसाच्या तसा राहिला.

“जमलं,” इंदुताई म्हणाली. “चला आता, येऊ द्या लेकराले.”

साडेनऊला मुलगी झाली. डॉक्टरबाई बाहेर आल्या, घामानं भिजलेल्या, आणि म्हणाल्या, “नेहमीपेक्षा थोडं जास्त गेलं. पण थांबलं.” बाळालाही इंजेक्शन दिलं होतं. आतून त्याचं रडणं ऐकू येत होतं, चांगलं खणखणीत.

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि मला रडू फुटलं. कालपासून आवरलेलं सगळं बाहेर आलं, नाकातोंडातून. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. बाजूला सत्यशीला येऊन उभी राहिली. मला वाटलं, ती पाठीवर हात ठेवेल. खरं सांगते, मला तो हात हवा होता.

“रडाचं मंग रडजो,” ती म्हणाली. “ते सात घरं आज दुपारी येऊन राह्यले. आल्या आल्या चूल पेटवतील, अन् गाडग्यात तुह्यं धान आहे. निंबाजवळच्या घरी तीन लहान लेकरं आहेत, आधी तिथी जा.”

मी डोळे पुसले. “तुझं नाव सांगू का? तुझं ऐकतील. माझ्यावर विश्वास नाही ठेवणार.”

“माह्यं नाव नको सांगू. तुह्यं सांग. मी टाकलं म्हण, जशी काल विहारात म्हटली. सात घरी सातदा म्हण.”

मी उठले. आतून बाळ पुन्हा रडलं आणि माझी पावलं आपोआप दाराकडे वळली. एकदा पाहून जावं, एवढंच मनात होतं. सत्यशीला दारात आडवी उभी राहिली.

“आता नाई,” ती म्हणाली. “सारं धान जमा करून ये. सात घरच्या माणसायले इथी तपासाले आण. मंग पाहाले ये. मी तवर दाखवत नाई.”

घड्याळात पावणेदहा झाले होते. सावरटोल्याला पोचायला पाऊण तास लागणार होता. मी नोंदवही घेतली, तोंड धुतलं आणि शहबाजला गाडी काढायला सांगितलं.